डमीच्या कपाटाची किल्ली

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमधल्या, म्हणजे सरावाच्या खोलीतल्या, लोखंडी कपाटात माणसाच्या मापाची एक डमी दोन वर्षं पडून होती. अंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. कपाटाची किल्ली ऑफिसात असायची. तपासणीला समिती येणार असली की आदल्या दिवशी डमी बाहेर यायची, तिला गाउन घालून कॉटवर झोपवलं जायचं, उशाशी सलाइनचा स्टँड लागायचा. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की संध्याकाळपर्यंत ती परत कपाटात. मुलींनी हात लावला आणि बिघडली तर भरून कोण देणार, असा हिशेब होता. जळगाव जिल्ह्यातल्या या नर्सिंग कॉलेजात मी ट्यूटर म्हणून लागले तेव्हा तो हिशेब मीही मान्य केला. आपण डेमो दाखवायचा, मुलींनी रिटर्न डेमो द्यायचा, म्हणजे तेच करून दाखवायचं, जर्नलवर सही करायची. मी स्वतः अशीच शिकले होते.

मग एक सकाळ आली. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन मी लेबर रूमच्या पोस्टिंगवर होते. एका बाळंतिणीची वार पडून पंधरा-वीस मिनिटं झाली होती. बाळ छान रडलं होतं, सगळे बाळाभोवती. आमची एक विद्यार्थिनी बाळंतिणीपाशी उभी होती. पॅड भिजलं, तिने बदललं. दुसरं भिजलं, तेही बदललं. तिसरं हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. ड्यूटीवरच्या सिस्टरचं लक्ष गेलं, त्या धावत आल्या, पोटावर हात ठेवला, गर्भाशय भिजवलेल्या कणकेसारखं मऊ. पुढची दहा मिनिटं त्या खोलीत कुणाला श्वास घ्यायला सवड नव्हती. बाई वाचली, ती त्या सिस्टरमुळे.

याच मुलीला आठच दिवस आधी तोंडी परीक्षेत मी पी.पी.एच. विचारलं होतं. तिने व्याख्या सांगितली, प्रसूतीनंतर ५०० मिलीच्या वर रक्तस्राव. कारणं सांगितली. उपचार तर क्रमाने सांगितले: मदतीला बोलावणं, गर्भाशय चोळणं, मूत्राशय रिकामं करणं, गर्भाशय आवळून कडक करणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाइन. मी दहापैकी नऊ गुण दिले होते. ते नऊ गुण मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. मुलीला येत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती. तिला येत होतं, आणि तरी तिचा हात हलला नाही.

त्याच सुमारास सिम्युलेशनवरचं, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी रचलेल्या प्रसंगातून शिकवण्यावरचं, काही दिवसांचं प्रशिक्षण करायची संधी मिळाली. तोपर्यंत सिम्युलेशन म्हणजे महागडी डमी, संगणकावर हलणारी नाडी, काचेमागे बसलेला ऑपरेटर असंच माझ्या डोक्यात होतं. तिथे कळलं की ही कल्पना नर्सिंगमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयाने मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या मापाची बाहुली करून घेतली आणि तिच्यावर नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. ती बाहुली पुढे मिसेस चेस म्हणूनच ओळखली जाऊ लागली. सी.पी.आर. शिकवायची जी डमी आपण सगळीकडे पाहतो, तीसुद्धा १९६० मध्ये नॉर्वेच्या ऑसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने घडवली. दोन्ही वेळा काम बाहुली करणाऱ्यांनी केलं, हे ऐकून मला धीर आला. आपल्या शिवणाच्या मशीनवरही काहीतरी होईल, असं वाटलं.

पण प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ दिला होता तो डमीला नव्हेच, तर आधी काय बोलायचं आणि नंतर काय बोलायचं, याला. प्रीब्रीफिंग आणि डीब्रीफिंग. प्रसंग दहा-बारा मिनिटांचा असेल तर नंतरची चर्चा त्याच्या दुप्पट. मला तेव्हा ते पाल्हाळ वाटलं होतं.

परत आल्यावर मी किल्ली मागितली. सहज मिळाली नाही, अर्ज द्यावा लागला. २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात सत्रपद्धत आली आणि स्किल लॅबचे तास वेगळे लिहून आले, ते पान मी अर्जाला जोडलं. प्लॅस्टिक काढलं तेव्हा आमच्याकडच्या दोन उन्हाळ्यांनी डमीच्या दंडाचं रबर चिकट होऊन भेगाळलेलं होतं. न वापरताच ती खराब झाली होती. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या गावात बंद लोखंडी कपाटात रबर ठेवलं तर दुसरं काय होणार.

त्या डमीला गर्भाशयही नव्हतं. प्रसूतीची तयार मॉडेलं मिळतात, पोटाला बांधून कुणीही बाळंतीण होऊ शकेल अशीही मिळतात, पण तेवढे पैसे नव्हते. मग आम्ही बनवलं. फुटबॉलच्या आतलं रबरी ब्लॅडर घेतलं, त्याच्या तोंडाला बी.पी.च्या उपकरणाचा दाबायचा फुगा नळीने जोडला. हवा कमी असताना ब्लॅडर हाताला लिबलिबीत लागतं, फुगा दाबत गेलं की कडक होत जातं. ते फोमच्या तुकड्यात बसवून वर कापडी पोट शिवलं. रिकाम्या सलाइनच्या बाटलीत खायचा लाल रंग, थोडं कॉर्नफ्लॉर आणि काळपटपणासाठी चिमूटभर कॉफी असं रक्त भरलं. बाटली उशीखाली, तिची नळी लुगड्यातून खाली, चाकी बाळंतिणीच्या हातात. चाकी सैल केली की रक्त सुरू.

बाळंतीण कोण होणार, हा प्रश्न एका मावशींनी सोडवला. त्या पूर्वी एका रुग्णालयात आया होत्या, अमळनेरकडच्या. आयुष्यभर बाळंतिणी पाहिलेल्या. पोट बांधून कॉटवर आडव्या झाल्या, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाल्या, "माले चक्कर यी राह्यनी व माय." त्या आवाजाने माझ्याच अंगावर काटा आला. डमी असं बोलली नसती. आमच्या मुलींना पुढे ज्या बाया भेटणार आहेत, त्या काही पुस्तकातल्या मराठीत लक्षणं सांगणार नाहीत. रावेर-यावलकडे लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्यात वर गेलं की पावरी, भिली. वर्गात आपण शिकवतो 'भोवळ येणे', आणि बाई म्हणते भलतंच काही.

पहिला प्रसंग केला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो, कारण तो मी बिघडवला. पाच जणींचा गट. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की बाळंतिणीचं रोजचं निरीक्षण करायचं आहे. त्या आत गेल्या, मावशींना पाहून दोघी हसायला लागल्या. मी रागावले. मग रक्त सुरू झालं, एक जण म्हणाली, "मॅडम, खरंच सगळं करायचं की नुसतं सांगायचं?" मी म्हटलं, कर. ती ऑक्सिटोसिन शोधायला ट्रेकडे गेली. मला राहवेना, मी मधेच बोलले, "आधी पोटावर हात कोण ठेवणार?" पुढे प्रत्येक पावलाला मी बोलतच राहिले. दहा मिनिटांनी मुली माझ्याकडे बघून काम करत होत्या, बाळंतिणीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. नंतरच्या चर्चेत मी वहीतून चुका वाचून दाखवल्या. अकरा होत्या. चौघी माना खाली घालून बसल्या.

एक जण त्यात नव्हतीच. रक्त सुरू झाल्यावर ती भिंतीला टेकली होती, मग न सांगता बाहेर गेली. मी तिला पाण्याच्या टाकीजवळ शोधलं तेव्हा ती ओढणीत तोंड खुपसून रडत होती. तिची काकू बाळंतपणात गेली होती. रक्त थांबलं नव्हतं, गाडी मिळायला उशीर झाला होता. ही तेव्हा सातवीत होती, त्याच घरात होती. तिला आत काय दिसणार आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, आधी सांगितलं तर 'खरेपणा' जाईल. खरेपणाच्या नावाखाली मी त्या पोरीला पुन्हा त्या ओसरीवर नेऊन उभं केलं होतं. ती चूक माझी होती, आणि मी तिची तिथेच माफी मागितली.

त्या संध्याकाळी लॅब आवरताना मावशी कापडी पोट सोडत म्हणाल्या, "कोणीच मना तोंडकडे देखं नही, बाई." माझ्या अकरा चुकांच्या यादीत ही नव्हती.

मग मी प्रीब्रीफिंगला पाल्हाळ म्हणणं सोडलं. आता प्रसंगाच्या आदल्या दिवशी विषय सांगतो: उद्या बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आहे, रक्त दिसेल, कुणाला घरात असं काही घडल्यामुळे जड जाणार असेल तर मला एकटीला येऊन सांगा, कारण विचारणार नाही. प्रसंगात 'थांबा' म्हटलं की सगळं तिथेच थांबेल. खोटं काय आणि खरं काय हे आधी हाताळू देतो: हे पोट असं आहे, इथे दाबून बघा, सुई टोचायची ती या रबराच्या हातावर, मावशींना नाही. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. इथे चुकलेलं इथेच राहील, त्याला गुण नाहीत, बाहेर चर्चा नाही. पंधरा मिनिटं जातात यात. त्यानंतर आत गेल्यावर आजतागायत कुणी हसलेलं नाही.

आणि मी आत असताना बोलत नाही. हे लिहायला एक ओळ लागते, करायला मला तीन-चार महिने लागले. मुलगी चुकीच्या दिशेला जाताना दिसते, जीभ शिवशिवते. मी हातात घड्याळ आणि पेन्सिल धरते, म्हणजे हात गुंतलेले राहतात. शिक्षकाचं बोलणं म्हणजेच शिकवणं, हे माझ्यात इतकं मुरलं होतं की गप्प बसणं मला कामचुकारपणा वाटायचं.

डीब्रीफिंगची पद्धतही बदलली. खुर्च्या गोल मांडायच्या, डमी आणि रक्त नजरेआड. पहिला प्रश्न फक्त, "आत्ता कसं वाटतंय?" त्यावर पाच मिनिटं हवीतच, छातीतली धडधड बोलून बाहेर पडेपर्यंत डोकं विचार करत नाही. मग काय काय घडलं ते त्यांच्याच तोंडून क्रमाने. मग मी एखादी गोष्ट उचलते, मला काय दिसलं ते सांगते, मला त्याची काळजी का वाटली ते सांगते आणि विचारते की तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं. चूक सांगून मोकळं होण्यापेक्षा हे फार अवघड आहे, कारण उत्तर आपल्याला माहीत नसतं.

एका उत्तराने तर मला हलवूनच सोडलं. प्रसंगात एक हुशार मुलगी गर्भाशय उत्तम चोळत होती. तिने ब्लॅडर कडक होईपर्यंत हात काढला नाही. पण सात मिनिटं झाली तरी डॉक्टरांना फोन केला नाही. फोन समोर टेबलावर होता. मी विचारलं, "फोन दिसत होता ना तुला? तेव्हा काय मनात आलं?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मॅडम, काय बोलायचं ते जुळवत होते. नीट सांगता आलं नाही तर रागावतील म्हणून." गोलातल्या आणखी तिघींनी माना हलवल्या. आणि शेवटी बसलेली एक जण हळूच म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी लेबर रूममध्ये मलापण हेच झालं होतं."

ती तीच होती, तिसरं पॅड हातात धरून उभी राहिलेली. वर्षभर मी समजत होते की तिला सुचलं नाही. तिला सुचलं होतं. ओरडून बोलवावं की नाही, आपण उगाच घाबरतोय असं ठरलं तर काय, या विचारात ती अडकली होती.

त्यानंतर आम्ही फोन करायचा सराव वेगळा सुरू केला. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला काय हवंय, या चार पायऱ्या. मी दुसऱ्या खोलीत बसून फोन उचलते, घाईत असल्यासारखी बोलते. मुलगी म्हणते, "सर, लेबर रूममधून तिसऱ्या वर्षाची स्टुडंट बोलतेय, सिस्टर पेशंटजवळ आहेत. कॉट तीनची बाळंतीण, दुसरी खेप, वार पडून वीस मिनिटं झाली. सातशे मिलीच्या आसपास रक्त गेलंय, नाडी १२४, बी.पी. ९०/६०, गर्भाशय मऊ आहे. पी.पी.एच. वाटतंय. चोळणं चालू आहे, २० युनिट ऑक्सिटोसिन एक लिटर आर.एल. सलाइनमध्ये सुरू केलंय. तुम्ही लगेच या." पहिल्यांदा हे बोलायला कुणाला दोन मिनिटं लागली, कुणी मधेच 'सॉरी सर' म्हणून फोन ठेवला. चौथ्या-पाचव्या खेपेला अर्ध्या मिनिटात होतं. शेवटचं 'तुम्ही लगेच या' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागतो. मुली 'आलात तर बरं होईल' म्हणतात. मी तेवढ्यापुरती फोन उचलून पुन्हा म्हणायला लावते.

रक्त किती गेलं याचा अंदाज हाही एक वेगळाच तास झाला. चादरीवर मोजून ५०० मिली ओतलं आणि चिठ्ठीवर आकडा लिहायला सांगितला. बहुतेकींनी दोनशेच्या आत लिहिला. मग पॅड कोरडं असताना आणि भिजल्यावर वजन करून फरक काढला, एक ग्रॅमला साधारण एक मिली. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाची गोष्ट मी त्यांना इथे सांगते. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजलं, लवकर ओळखलं आणि सगळे उपचार एकदमच सुरू केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे चिठ्ठ्या उघडल्यावर मुलींना मी सांगावं लागत नाही.

हे सगळं बरं चाललंय असं दिसल्यावर कॉलेजातून एक सूचना आली: मग पोस्टिंग थोडं कमी करू, बसचं डिझेल वाचेल. अमेरिकेत पोस्टिंगचे निम्मे तास सिम्युलेशनवर देतात म्हणे. तो अभ्यास मला ठाऊक होता. तिथल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला, दहा कॉलेजं, शेवटपर्यंत टिकलेल्या ६६६ विद्यार्थिनी-विद्यार्थी, आणि निम्म्यापर्यंत तास बदलले तरी शिकण्यात फरक पडला नाही असं त्यात आढळलं. पण तिथे प्रशिक्षित शिक्षक होते, पुरेशी साधनं होती, प्रत्येक प्रसंगानंतर शिस्तीत डीब्रीफिंग होतं. आमच्याकडे चाळीस मुली, मी आणि अजून एक सहकारी, एक फुटबॉलचं ब्लॅडर. पाच-सहा जणींचा गट धरला तर एकच प्रसंग सगळ्यांना द्यायला आम्हाला चार दिवस लागतात. मी प्राचार्यांना स्पष्ट सांगितलं की हे वॉर्डच्या ऐवजी नाही, वॉर्डच्या आधी आहे. वॉर्डातल्या बाईचा गरम हात, नातेवाइकांची दाटी, रात्री तीनची झोप मी कुठून शिवून आणू? बस चालू राहिली, आणि याचं श्रेय प्राचार्यांना आहे.

रडत बाहेर गेलेली मुलगी पुढे दोन महिने या प्रसंगाला आली नाही. मीही बोलावलं नाही. नंतर एकदा स्वतःच आली आणि म्हणाली, मी वेळ लिहीन. फळ्यापाशी उभी राहून ती काय किती वाजता दिलं ते लिहीत होती, रक्ताकडे पाठ करून. १०:१२ मदत बोलावली. १०:१३ चोळणं सुरू. तिची पाठ ताठ होती. अजून ती कॉटजवळ आलेली नाही. तिला यावंच लागेल, पोस्टिंग आहे, परीक्षा आहे, पण त्याआधी तिच्या वेगाने जितकं येता येईल तितकं येऊ दे, असं मी ठरवलं आहे.

मावशी आता प्रत्येक प्रसंगाला एक गोष्ट तपासतात आणि शेवटी सांगतात: माझ्याशी कोण बोललं, कुणी हात धरला, काय करतोय ते कुणी सांगितलं. डीब्रीफिंगच्या गोलात त्यांची खुर्ची असते. मुली माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला जास्त घाबरतात आणि जास्त मानतात.

सध्या आम्ही पुढचा प्रसंग लिहितोय, सर्पदंशाचा. कापसाच्या शेतावर रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड होतायत, दंशाची खूण धड दिसत नाही. मण्यारीचं असंच असतं. रक्त गोठतं का ते बघायला काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, ते पण ठेवलंय, आणि मण्यारीच्या दंशात ते बहुतेक गोठतंच, म्हणून गोठलं तरी निर्धास्त व्हायचं नाही, पापण्या आणि श्वास बघत राहायचं, हीच त्यातली मेख. सातपुड्यातल्या धडगावकडची एक मुलगी हा प्रसंग लिहितेय. तीन वर्षं वर्गात शेवटच्या बाकावर, विचारल्याशिवाय कधी बोलली नाही. आता तिची वही भरलीय. नातेवाइकांची वाक्यं ती पावरीत लिहिते, देवनागरी अक्षरांत, आणि खाली मराठीत अर्थ. बाकीच्या मुली तिच्याकडून ती वाक्यं पाठ करून घेतायत, उच्चार चुकला की ती पुन्हा म्हणायला लावते.

काल ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, त्याला आधी बडव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेलं होतं आणि तिथून मग दवाखान्यात आणलं, असं लिहू का? पायाला दोरी घट्ट बांधलेली. आमच्याकडे तसंच आणतात."

मी म्हटलं, "लिही. आणि दोरी कुणी बांधली, ते त्यांना न दुखावता कसं विचारायचं, तेपण लिही."

ती दारातच वही उघडून बसली.